मूर्खपणाबाईंचं भाषण आणि काही टवाळखोर पंडित

शाईचा डाग

दुसऱ्या एका धाग्यावर युरोपातल्या प्रबोधनकाळाचा विषय निघाला आणि 'माणूस केंद्रस्थानी आला' या वाक्यापाशी सगळ्यांनी माना डोलावून चर्चा गुंडाळली. मला त्या वाक्याचा मनस्वी कंटाळा आहे, कारण ती माणसं दिवसभर करत काय होती ते त्यातून कळत नाही. ज्यांना आपण मानवतावादी म्हणतो ती मंडळी मुळात भाषेचे मास्तर. व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीती हे त्यांचे विषय. जुनी ग्रीक-लॅटिन हस्तलिखितं हुडकायची, चार प्रती शेजारी मांडायच्या आणि कुठल्या लेखनिकाने कुठे माती खाल्ली ते शोधायचं, हा त्यांचा धंदा. लोरेन्झो व्हाल्लाचंच घ्या. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेची सत्ता पोपला बहाल केल्याचं एक दानपत्र चर्च कित्येक शतकं मिरवत होतं. व्हाल्लाने १४४० मध्ये ते बनावट ठरवलं, आणि त्याचा एक मोठा पुरावा होता त्यातलं लॅटिन. चौथ्या शतकातल्या रोमन कागदात 'सत्रप' (इराणी राजांचे प्रांताधिकारी) कुठून उगवले, असं विचारत तो ते दानपत्र रचणाऱ्याला जणू समोर उभा करून झापतो.

माझ्या मते या काळातला उपहास याच तयार कानातून आला. दुसऱ्याचं बोलणं इतकं बारकाईने ऐकायची सवय लागली की त्याची हुबेहूब नक्कलही जमते. म्हणून या लोकांनी शिव्याशाप कमी दिले. ज्याची रेवडी उडवायची त्यालाच बोलायला उभं केलं आणि स्वतः बाजूला सरकले.

सगळ्यात गाजलेला नमुना इरॅस्मसचा. रॉटरडॅमचा माणूस, एका पाद्र्याचा अनौरस मुलगा, स्वतः दीक्षा घेतलेला, आणि मठातून एकदा बाहेर पडल्यावर परत न जाण्यासाठी वर्षानुवर्षं सबबी काढत राहिलेला. १५०६ च्या नोव्हेंबरात तो इटलीत होता. पोप दुसरा जूलियस बोलोन्या काबीज करून विजयी सेनापतीच्या थाटात शहरात शिरला, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. १५०९ मध्ये आल्प्स ओलांडून इंग्लंडला जाताना कल्पना सुचली आणि लंडनला आपला लेखक-मित्र थॉमस मोरच्या घरी दुखणं काढत पडलेला असताना त्याने काही दिवसांत 'मोरिए एन्कोमियम' लिहून काढलं. मूर्खपणाची स्तुती, ग्रीक 'मोरिया'वरून यजमानाच्या आडनावालाही एक चिमटा. छापलं गेलं पॅरिसला, १५११ मध्ये.

अख्खं पुस्तक म्हणजे एकच भाषण, आणि भाषण करणारी स्वतः मूर्खपणा. मी नुसती उभी राहिले तर तुमच्या कपाळावरच्या आठ्या कशा गेल्या, असं म्हणून ती सुरुवात करते. मग खानदान सांगते: बाप प्लूटस, धनाचा देव, आई तारुण्य नावाची अप्सरा, दाया दोन, नशा आणि अडाणीपणा. सख्यांमध्ये आत्मप्रौढी, खुशामत, विस्मृती, आळस. थोर लोक पैसे मोजून भाट ठेवतात, मी माझी स्तुती स्वतःच करते, त्यात निदान लपवाछपवी नाही, असा तिचा रोकडा हिशोब. मी नसते तर एकही लग्न जुळलं नसतं, जुळलेलं टिकलं नसतं आणि एकदा बाळंतपण सोसलेली बाई दुसऱ्यांदा त्या वाटेला गेली नसती, हेही ती ऐकवते. इथवर सगळं हसतखेळत चाललेलं. वाचणारा म्हणतो, बाई बोलतेय ते काही खोटं नाही.

मग सूर बदलतो. व्याकरणाच्या मास्तरांपासून सुरुवात (म्हणजे स्वतःच्याच जमातीपासून, हे महत्त्वाचं): कळकट खोलीत पोरांना झोडपणारे आणि एखाद्या कुजक्या पानावर कुणाला माहीत नसलेला शब्द सापडला की राज्य मिळाल्यासारखे नाचणारे. मग वकील, मग तर्कशास्त्री, मग धर्मशास्त्री. त्या काळच्या विद्यापीठांत कसले प्रश्न चघळले जात त्याची यादीच ती देते. देवाला बाईचं, सैतानाचं, गाढवाचं, भोपळ्याचं किंवा गारगोटीचं रूप घेता आलं असतं का? भोपळ्याचं घेतलं असतं तर त्या भोपळ्याने प्रवचन कसं दिलं असतं, चमत्कार कसे केले असते, त्याला क्रुसावर कसं ठोकलं असतं?

भिक्षूंचा प्रसंग मला सगळ्यात आवडतो. कयामतीच्या दिवशी ख्रिस्तापुढे रांग लागलीये. एक जण मासे खाऊन खाऊन फुगलेलं पोट दाखवतो, कारण मांस वर्ज्य होतं ना. दुसरा स्तोत्रांची पोतीच्या पोती ओततो. तिसरा सांगतो, साठ वर्षांत पैशाला शिवलो नाही, शिवलो तेव्हा दोन-दोन हातमोजे घालून. चौथा आपली टोपी पुढे करतो, इतकी मळकी की खलाशीसुद्धा डोक्यावर घेणार नाही. ख्रिस्त मध्येच तोडतो: मी एकच नियम दिला होता, एकमेकांवर प्रेम करा, त्याबद्दल इथे कुणी चकार शब्द काढत नाहीये.

गंमत म्हणजे शेवटच्या भागात बाई तिसरं वळण घेते. संत पॉलचा आधार घेऊन म्हणते की खरी श्रद्धा हीच जगाच्या नजरेत वेडेपणा आहे. आता हा टोमणा की कबुली? आणि लगेच रजा घेते: उपसंहाराची वाट बघत असाल तर तुम्हीच मूर्ख, मी काय बोलले ते माझ्या कुठे लक्षात आहे! टाळ्या वाजवा, जगा, प्या.

तर प्रश्न असा, की इथे नक्की कोण बोललं? इरॅस्मस म्हणणार मी नाही, ती बोलली. ती तर मूर्खच. मोर, फ्रेंच लेखक राबले किंवा जर्मनीतल्या त्या खोट्या पत्रांबद्दल ज्यांनी वाचलंय त्यांनी भर घाला. 'आपल्याकडे हे सगळं आधीच होतं' या वळणावर धाग्याचा काश्मीर (न संपणारं भांडण) करू नका ही विनंती.

टिचकी

वाचनखूण साठवली. भोपळ्यावर ठार झालो.

पण एक शंका. पोप स्वतः तलवार घेऊन फिरतोय आणि हा माणूस असलं लिहून सुखरूप राहतो कसा? कुणी उचलला कसा नाही?

शाईचा डाग

@टिचकी, एक तर लॅटिन. वाचणारे सगळे शिकलेले, बाजारातल्या माणसाला पत्ताच नाही. दुसरं, मोठमोठे धर्माधिकारी आणि राजे त्याचे चाहते. तिसरं म्हणजे त्याने जिवंत माणसाचं नाव घेऊन टोला मारायचं टाळलं. प्रस्तावनेतच तो म्हणून ठेवतो की ज्याला झोंबलं त्याने आपण होऊन कबुली दिली असं समजावं.

तरी कुरबुर झालीच. लूव्हँचा मार्टिन डॉर्प हा तरुण धर्मशास्त्री, तसा मित्रच. त्याने १५१४ मध्ये पत्र धाडलं: कशाला उगाच आमच्या लोकांना डिवचलंस, आता ज्ञानाची स्तुती लिहून फिटंफाट कर. आणि हो, ग्रीक बायबलावरून लॅटिन बायबल दुरुस्त करायचं मनात आहे म्हणे, तेही सोड. एकाच पत्रात हे दोन्ही यावं हे फार बोलकं आहे. डॉर्पला विनोद आणि पाठशुद्धी हे एकच दुखणं वाटत होतं, आणि त्याचं निदान चुकलेलं नव्हतं. इरॅस्मसने लांबलचक उत्तर दिलं, मोरनेही दिलं, आणि १५१६ मध्ये बाझलला ग्रीक नवा करार छापून बाहेर पडला.

रेघोट्या

छान धागा. चित्रांचा उल्लेख राहिला म्हणून भर घालते.

१५१५ ची बाझल आवृत्ती, फ्रोबेनच्या छापखान्यातली. तिची एक प्रत ओस्वाल्ड मिकोनियस या शाळामास्तराकडे होती. त्या प्रतीच्या समासात धाकट्या हान्स होल्बाइनने (तेव्हा जेमतेम अठराचा) आणि त्याच्या भावाने शाईने चित्रं काढली. शेवटच्या चित्रांपैकी एकात मूर्खपणाबाई विदूषकी टोपी घालून व्यासपीठावरून खाली उतरतेय. एका ठिकाणी टेबलाशी लिहीत बसलेला खुद्द इरॅस्मस आहे. ते चित्र बघून तो म्हणाला होता म्हणे, मी अजून असा दिसत असतो तर लगेच बायको केली असती. ही प्रत आजही बाझलच्या कुन्स्टम्युझियमकडे आहे आणि ती चित्रं जालावर बघता येतात. एक बारकी गोष्ट बघा: मास्तर आणि पोरांच्या चित्रात मास्तरच्या हातात चाबकाची जुडी आहे आणि पोराचं ढुंगण उघडं. म्हणजे चित्रकाराची शाळेची आठवण ताजी असावी.

आता माझा मुद्दा. मूर्खपणा बाईच का? पहिल्या वाचनात मला हे जाम खटकलं. पण याच इरॅस्मसने १५२४ मध्ये एक छोटा संवाद लिहिलाय, एक मठाधिपती आणि एक शिकलेली बाई यांचा. मठाधिपती आंट्रोनियस मॅग्डालियाच्या घरी येतो आणि ग्रीक-लॅटिन पुस्तकं बघून चरकतो. बाईने चरखा-तकली करावी, पुस्तकांनी डोकं बिघडतं, हे त्याचं मत. ती विचारते, मग तुमच्या भिक्षूंनी तरी वाचावं की नाही? तो म्हणतो, छे, वाचायला लागले की उलट बोलतात. आपल्याकडे बासष्ट भिक्षू आहेत आणि खोलीत एकही पुस्तक सापडायचं नाही, हे तो अभिमानाने सांगतो. शेवटी ती बजावते: जरा जपून, नाहीतर आम्ही तुमच्या धर्मपीठांवर बसू, प्रवचनं देऊ आणि तुमच्या डोक्यावरच्या त्या टोप्याही घेऊ. त्यात ती मोरच्या मुलींचं नाव दाखल्यादाखल घेते. त्या मुलींपैकी मार्गारेटने तर इरॅस्मसच्याच एका प्रार्थनाग्रंथाचा इंग्रजी अनुवाद छापला. हे लिहिणारा माणूस बायांना मूर्ख समजत होता असं मला आता वाटत नाही. अर्थात मॅग्डालिया शहाणी आहे ती घर आणि नवरा सांभाळून, हेही तिथेच नमूद केलेलं आहे.

कोकणकडा

सगळे भारावलेत म्हणून थोडं विरोधात बोलतो, हलकेच घ्या.

लॅटिन चांगलं येणाऱ्यांनी लॅटिन वाईट बोलणाऱ्यांना हसायचं, हा मला तरी उच्चभ्रूंचा आपसातला टाइमपास वाटतो. त्या खोट्या पत्रांचा विषय शाईचा डाग यांनी काढलाच आहे तर सांगतो. 'अप्रसिद्ध माणसांची पत्रं', पहिला भाग १५१५, दुसरा १५१७. लेखकाचं नाव नाही. आता सगळे मानतात की क्रोटस रुबेआनस आणि उल्रिख फॉन हुटेन. पार्श्वभूमी गंभीर: फेफरकोर्न नावाचा धर्मांतरित ज्यू सगळी ज्यू पुस्तकं जप्त करून जाळा म्हणत होता. हिब्रूचा जाणकार रॉयख्लिन म्हणाला, तसं करू नका, न वाचता जाळणं हा कुठला न्याय. कोलोनचे डॉमिनिकन पंथाचे भिक्षू त्याच्यावर तुटून पडले. त्यावर उतारा म्हणून ही पत्रं. त्यांच्या बाजूच्या, कोलोनच्या ऑर्टविन ग्राटियस या पंडिताला त्याच्या 'चेल्यांनी' लिहिलेली, ढोबळ, घरगुती, चुकांनी लडबडलेल्या लॅटिनमध्ये.

एक पत्र मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू. रोममधल्या खाणावळीत शुक्रवारी (त्या दिवशी मांस वर्ज्य) एक जण अंडं फोडतो तर आत पिल्लू. सोबतचा कुजबुजतो, पटकन गिळ, मालकाने पाहिलं तर कोंबडीचे पैसे लावेल. हा गिळतो आणि मग रात्रभर तळमळतो: आज शुक्रवार, मी मांस खाल्लं का? चीजमधले किडे माशांत धरतात म्हणून चालतात, पण पिल्लाचं काय? आपण यावर मार्गदर्शन करावं.

भारीच आहे. पण या पत्रांत फेफरकोर्नला जे झोडपलंय ते तो ज्यू जन्माचा म्हणून. ज्यूंची पुस्तकं वाचवायच्या लढाईत ज्यूंवरच गलिच्छ विनोद. हा कुठला मानवतावाद?

शाईचा डाग

@कोकणकडा, शेवटचा मुद्दा बिनतोड आहे. रॉयख्लिनचा पक्ष घेणाऱ्या बहुतेकांना पुस्तकांची काळजी होती, ज्यू शेजाऱ्यांची नव्हे. इरॅस्मसही याबाबतीत स्वच्छ नाही, त्याच्या खासगी पत्रांत ज्यूंबद्दल वाईट मजकूर सापडतो. त्याला ही खोटी पत्रं आवडली नव्हती, १५१७ मध्ये त्याने तसं कळवलंही. पण कारण दुसरं, की यात माणसांची नावं घेऊन चिखलफेक आहे.

'उच्चभ्रू' याला मात्र अर्धीच मान्यता. ग्राटियसच्या बाजूचे लोक गरीब, दुबळे नव्हते. त्यांच्या हातात खटले होते. पुस्तक जाळायचं की नाही, कुणाला पाखंडी ठरवायचं, हे त्यांच्या सहीने ठरत होतं. सही करणाऱ्याला वाचता येत नाही हे दाखवणं, याला मी टाइमपास म्हणणार नाही. आणि नक्कल इतकी फर्मास उतरली होती की काही भिक्षूंनी ती पत्रं आपल्याच बाजूची समजून हौसेने विकत घेतली, हे मोर आणि इरॅस्मस दोघांनीही लिहून ठेवलंय. पोप दहाव्या लिओने १५१७ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली.

काळा कोट

वकिली करतो, त्यामुळे राबलेचा न्यायाधीश ब्रिदुआ हा माझा कुलदेव. 'तिसरं पुस्तक', १५४६. इथे कुणाला माहीत नसेल तर सांगतो.

ब्रिदुआवर वरच्या कोर्टात चौकशी लागलीये. त्याने दिलेला एक निकाल चुकला. तो म्हणतो, वय झालं साहेब, नजर अधू झाली, फाशावरचे चार मला पाच दिसले असतील. कुठला फासा? अहो, तोच, आपण सगळे ज्याने निकाल देतो तो! चाळीसहून जास्त वर्षं हा गृहस्थ दोन्ही पक्षांचे कागद वाचतो, टेबलाच्या दोन टोकांना गठ्ठे लावतो आणि फासे टाकतो. प्रत्येक वाक्याला रोमन कायद्याचं एक-एक कलम जोडतो, ते सगळं संदर्भासकट.

मग त्याला विचारतात की निकाल फाशानेच द्यायचा तर एवढे कागद कशाला? ब्रिदुआची कारणं ऐका. एक, रीत म्हणून. कार्यपद्धती चुकली की निकाल रद्द होतो. दोन, व्यायाम; गठ्ठे उचलून, उलगडून, पुन्हा बांधून तब्येत ठणठणीत राहते. तीन, वेळ, खटला पिकू द्यावा लागतो, कोवळ्या खटल्याचा निकाल पक्षकाराला पचत नाही, पिकल्यावर हरणाराही निमूट सोसतो.

हे वाचताना हसू येतं आणि मग येत नाही. शाईचा डाग यांचा मुद्दा इथे चपखल बसतो. ब्रिदुआ लबाड नाही. राबले त्याच्यावर एक अक्षर टीकेचं लिहीत नाही, उलट त्याचा नायक पांताग्रुएल ब्रिदुआची बाजू घेतो. तो स्वतःच इतकं मनापासून समजावतो की आपणच खाली बघतो.

मांडवीकाठ

गोव्याहून नमस्कार. संबंध ओढूनताणून जोडू नका म्हटलंय, पण दोन धागे खरेच इकडे येतात, ते सांगल्याशिवाय राहवत नाही.

पहिला मोरच्या 'युटोपिया' या काल्पनिक बेटावरच्या पुस्तकातच आहे. १५१६, लूव्हँला छापलेलं. त्या बेटाची हकिकत सांगणारा राफाएल हिथलोडे पोर्तुगीज आहे, अमेरिगो वेस्पुचीबरोबर गेलेला. परत कसा आला? सिलोन गाठलं, तिथून कालिकत, आणि तिथे त्याला पोर्तुगीज जहाजं भेटली. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये, गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेलं १५१० मध्ये. म्हणजे मोरच्या वाचकाला कालिकत ही ताजी बातमी होती. सगळ्या खोट्या गोष्टीत एक खरं बंदर ठेवून दिलंय. बाकी नावं बघाल तर ग्रीक जाणणाऱ्यांसाठी टिंगल: नदीचं नाव 'निर्जला' या अर्थाचं, आणि हिथलोडे म्हणजे थापा मारण्यात पटाईत.

दुसरा धागा गार्सिया द ओर्ता. हा उपहासकार नव्हे, वैद्य. पण त्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेलं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक पूर्णपणे संवादात आहे. एक ओर्ता, दुसरा रुआनो नावाचा नुकताच आलेला पंडित, ज्याच्या तोंडी सदा जुने ग्रंथ. ओर्ता त्याला सुनावतो की मला डायोस्कोरिडीस आणि गॅलेनची (जुन्या ग्रीक वैद्यांची) भीती घालू नका, मला जे ठाऊक आहे आणि जे खरं आहे तेच मी सांगणार. ग्रंथ पाठ असलेल्या माणसाला संवादात उभा करून गप्प करायची ही रीत त्याच घराण्यातली आहे. मुंबईचं बेट याच ओर्ताकडे भाडेपट्ट्याने होतं, तिथल्या आपल्या आंब्याचं कौतुक त्याने पुस्तकात केलंय.

तो ज्यू वंशाचा. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी हुडकणारं चर्चचं न्यायालय, गोव्यात १५६० मध्ये आलं. तो १५६८ मध्ये आपल्या मरणाने मेला. पुढच्या वर्षी बहिणीला जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये याची हाडं उकरून जाळली. इरॅस्मसची समग्र पुस्तकं पोप चौथ्या पॉलच्या १५५९ च्या बंदीयादीत गेली होती. तेव्हा इकडे त्याची प्रत जवळ बाळगणं किती सुखाचं असेल ते बघा.

आळशी गोगलगाय

+१ मांडवीकाठ. ओर्ताबद्दल वेगळा धागा काढा ना, पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

काश्मीर करत नाही, पण एकनाथ १५३३ चे. भारुडातही वेडी, आंधळा, जोगी असे भलतेच लोक बोलतात आणि शहाण्यांना ऐकवतात. हे सुचल्याशिवाय राहत नाही.

शाईचा डाग

@आळशी गोगलगाय, सुचणारच. पण समकालीन असणं म्हणजे नातं असणं नव्हे. नाथांची भारुडं मराठीत, गावासमोर उभं राहून करायची, आणि शेवटी ऐकणाऱ्याला परमार्थाकडे नेणारी. इरॅस्मसचा श्रोता हातात पुस्तक घेऊन एकटा बसलेला पदवीधर. त्यांचं खरं घराणं ल्युसियनचं, दुसऱ्या शतकातला, ग्रीकमध्ये लिहिणारा सामोसाटाचा टवाळ. मोर आणि इरॅस्मस दोघांनी मिळून त्याचे संवाद लॅटिनमध्ये आणले, १५०६ मध्ये पॅरिसला छापले. गंभीर चेहऱ्याने अशक्य गोष्टी सांगायच्या ही विद्या त्याच्याकडची.

@मांडवीकाठ, कालिकतबद्दल विशेष आभार. युटोपियातला माझा आवडता प्रसंग सोन्याचा. तिथे सोन्याची मूत्रपात्रं करतात, गुलामांच्या बेड्या करतात आणि हिरे-मोती लहान पोरांना खेळायला. परदेशी वकील (राजदूत) सोन्याने मढून मिरवणुकीने येतात. लोक त्यांच्या साध्या कपड्यातल्या नोकरांना मुजरे करतात आणि वकिलांना गुलाम समजून सोडून देतात. एक पोरगं आईला कोपर मारून म्हणतं, आई, बघ, एवढा घोडा झाला तरी मोती घालतोय! आई दटावते, गप रे, तो वकिलांचा विदूषक असेल.

कोकणकडा

सोन्याचं ठीक. पण त्याच युटोपियात गुलाम आहेत, परवानगीशिवाय प्रवास करता येत नाही, आणि बायका सणाआधी नवऱ्यापुढे गुडघे टेकून चुका कबूल करतात. आणि मोर पुढे इंग्लंडचा चॅन्सेलर झाला तेव्हा त्याच्या कारकिर्दीत सहा माणसं पाखंडी म्हणून जाळली गेली. तुमचे टवाळखोर पंडित सत्ता मिळाली की कसे वागले तेही लिहा.

शाईचा डाग

लिहितोच, कारण या धाग्यातली मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट तीच आहे.

१५१७ नंतर सगळं पालटलं. पोपच्या चर्चला आव्हान देणारा जर्मन भिक्षू लूथर आला. लोक म्हणू लागले, अंडं इरॅस्मसने घातलं आणि लूथरने उबवलं. इरॅस्मसने १५२४ मध्ये एका पत्रात उत्तर दिलं: मी घातलं ते कोंबडीचं अंडं होतं, लूथरने भलताच पक्षी काढला. चलाख उत्तर. पण तोवर मूर्खपणाबाईंच्या भाषणातली भिक्षूंची रांग हा विनोद राहिला नव्हता, ते पत्रक झालं होतं. आणि मोरने १५३० च्या सुमारास बायबल इंग्रजीत आणणाऱ्या टिंडेलशी वाद घालताना स्वच्छ लिहिलं, की आजच्या दिवसांत कुणी ती स्तुती किंवा माझी स्वतःची काही पुस्तकं इंग्रजीत आणली, तर लोकांचं नुकसान होण्यापेक्षा मी ती स्वतःच्या हाताने जाळायला मदत करीन. इंग्रजीत, हे ध्यानात घ्या. लॅटिनमध्ये चाललं असतं. टिचकी यांनी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. मुखवटा विद्वानांच्या खोलीत चालत होता. बाजारात लोकांना मुखवटा दिसत नाही, फक्त वाक्यं ऐकू येतात. मोर दुष्ट झाला असं मला म्हणायचं नाही (त्याचंही मुंडकं १५३५ मध्ये उडालंच), पण ज्या माणसाच्या घरी हे पुस्तक लिहिलं गेलं त्याने आगीची भाषा करावी हे पचत नाही. दोन्ही पुस्तकं शेवटी इंग्रजीत आली, १५४९ आणि १५५१ मध्ये. मोर तेव्हा नव्हता.

काळा कोट

फ्रान्समध्ये तर आग प्रत्यक्षच लागली. इरॅस्मसचा फ्रेंच अनुवादक लुई द बेर्कें, १५२९ मध्ये पॅरिसला जाळला. राबलेने हे पाहिलं असणार, कारण तोही भिक्षू होता, मठात त्याची ग्रीक पुस्तकं जप्त झाली होती, आणि १५३२ मध्ये त्याने इरॅस्मसला पत्र लिहून तुम्ही माझे बाप आणि आई दोन्ही आहात असं म्हटलं होतं. त्याच वर्षी 'पांताग्रुएल' निघालं, फ्रेंचमध्ये, आणि स्वतःच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून केलेल्या 'अल्कोफ्रिबास नासिए' या टोपणनावाने.

१५४२ मध्ये राबलेने स्वतः पुस्तकं सोज्वळ केली. जिथे जिथे 'सॉर्बोन'चे (पॅरिस विद्यापीठाचे) धर्मशास्त्री होते तिथे 'सोफिस्ट' (शब्दच्छल करणारे) घातलं. त्याच वर्षी एत्येन दोले या मुद्रकाने त्याला न विचारता जुनी, तिखट आवृत्ती छापून टाकली. राबले भडकला. दोलेला १५४६ मध्ये पॅरिसच्या मोबेर चौकात जाळलं, ब्रिदुआचं पुस्तक आलं त्याच साली.

टिचकी

च्यायला. हसायला आलो होतो.

बरं, नवख्याने सुरुवात कुठून करावी? आणि बोलोन्यात घुसलेल्या त्या पोपचं पुढे काय झालं?

रेघोट्या

@टिचकी, स्तुती वाचायची तर सुरुवातीच्या पौराणिक नावांच्या माऱ्याला घाबरू नका, टीपा सोडून पुढे चला. लग्नाच्या भागापासून पकड येते. राबले 'गार्गांतुआ'पासून. आधी काहीतरी छोटं हवं असेल तर मी वर सांगितलेला मठाधिपतीचा संवाद, चहा संपायच्या आत होतो.

शाईचा डाग

रेघोट्यांशी सहमत. आणि पोपचं उत्तर एका वेगळ्या पुस्तकात आहे, 'स्वर्गाबाहेर ठेवलेला जूलियस'. जूलियस १५१३ मध्ये वारला, हे १५१७ मध्ये छापून आलं, लेखक गुप्त. सगळ्यांनी इरॅस्मसवर बोट ठेवलं, त्याने कधी सरळ हो म्हटलं नाही आणि कधी धड नाहीही म्हटलं नाही.

जूलियस चिलखतावर पोपचा झगा घालून स्वर्गाच्या दाराशी येतो आणि किल्ली लावतो. लागत नाही. बरोबरचा दूत सांगतो, महाराज, ही तिजोरीची किल्ली. जूलियस दार बडवतो, आतून स्वर्गाचा द्वारपाल संत पीटर डोकावतो आणि म्हणतो, बरं झालं दार वज्राचं आहे. मग चौकशी: काय पुण्य केलंस? जूलियस जिंकलेली शहरं, मोडलेले तह, जमवलेला पैसा आणि बांधलेले महाल मोजून दाखवतो, आणि पीटरला यातलं काहीच पुण्यात का धरता येत नाही ते त्याला खरोखर कळत नाही. शेवटी तो धमकी देतो की मी आणखी माणसं जमवून येतो आणि तुम्हाला इथून हुसकतो; लढायांत मेलेले साठ हजार लवकरच येऊन मिळतील असा त्याचा अंदाज आहे.